आईचा उजवा, माझा डावा

१२ जानेवारी

आज नवलाईचा मुखवटा वर्कशॉपमध्ये आला. देवदत्त खोतांनी तो गाडीच्या पुढच्या सीटवर बसवून, वरून बेल्ट लावून आणला. "पोलीस पकडतात हो हल्ली," म्हणाले. ग्रामदेवी सीटबेल्ट लावून मिरजोळ्याच्या एमआयडीसीत आली, आता अजून काय बघायचं राहिलं?

काम असं की, मूळच्या पितळी मुखवट्याला शिमग्याआधी चांदीचा मुलामा द्यायचा. देवदत्त देवस्थान कमिटीचे अध्यक्ष. शेजारच्या गावच्या देवीला गेल्या वर्षी चांदी चढली, ती त्यांना अजून पचलेली नाही. मी एरवी होड्यांच्या बिजागऱ्या, नळ आणि मोटरसायकलचे भाग यांना मुलामा देतो. वडील भांड्यांना कल्हई लावायचे, मी बटण दाबून साधारण तेच करतो. पण देवीचं काम पहिलंच. आंघोळ केली, चहाही घेतला नाही, मगच हात लावला.

जवळून पाहिलं आणि वाईट वाटलं. कपाळावर दोन्ही बाजूंना मोठ्या टिकलीएवढे तांबूस डाग, बोट फिरवलं तर खरखरीत. खाऱ्या पाण्यात राहिलेलं पितळ असं सडतं, हे मी होड्यांवर रोज बघतो. पिढ्यान् पिढ्या चिंचेने घासून लोकांनी आईचं कपाळ सडवलंय. बफिंगच्या चाकावर धरून दोन्ही डाग साफ उतरवले. मग चांदी. आता आईच्या कपाळात बघून दाढी करता येईल.

उर्वीला हाक मारून दाखवलं. ती कोपऱ्यातल्या टेबलावर आपल्या बरण्यांत गुंतलेली. "छान," म्हणाली, वर न बघता. पुण्याहून धातूंचं शिक्षण पुरं करून आलेली माझी एकुलती एक मुलगी माझ्या वर्कशॉपमध्ये तांब्याचा स्पंज करत बसली आहे. माझ्या बायकोने, उमाने, पहिल्या दिवशीच विचारलं होतं, "भांडी घासायला का गं?" तर तसं नाही, बॅटरीत घालायला.

ह्याच स्पंजावर डॉक्टरेट करायला तिला जर्मनीतून बोलावणं आलंय. चार वर्षं. फेब्रुवारी संपायच्या आत कळवायचं आहे. ती विचारत नाही, मी बोलत नाही. आमच्या घरात यालाच चर्चा म्हणतात.

१५ जानेवारी

आज देवळात जे झालं ते लिहायलाही लाज वाटते.

आमच्या गावात काही ठरवायचं तर नवलाईला कौल लावतात. रामा गुरव तिच्या कपाळावर दोन बाजूंना जास्वंदीची एकेक ओली पाकळी चिकटवतो आणि प्रश्न घालतो. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. उजवी म्हणजे देवीची उजवी, बघणाऱ्याची नव्हे. इथे दर वर्षी एखादा मुंबईकर फसतो आणि सगळे हसतात. मी हसत नाही. लग्नात भटजींनी मला उजवीकडे उभं राहायला सांगितलं, तेव्हा मी जाऊन भटजींच्या उजवीकडे उभा राहिलो होतो. उमा ते अजून काढते.

तर आज चांदीच्या आईला पहिला कौल. पालखी आधी वरच्या वाडीत न्यायची का, हा प्रश्न. रामाने पाकळ्या लावल्या. त्याने हात काढला आणि दोन्ही पाकळ्या एकदम घसरून खाली. पुन्हा लावल्या. पुन्हा खाली. पाणी बदललं, फूल बदललं, शेवटी गुरवही बदलून पाहिला. मागून कोणीतरी म्हणालं, "आई फोन कट करतेय."

रामा माझ्याकडे वळला. "राजाभाव, काय केलांव तुमी आईला? साबण चोपडलांव काय?"

"चांदी आहे रे. गुळगुळीत असणारच."

"माज्या आज्यानं लावल्यान, बापसानं लावल्यान, कदी घसरली नाय. तुमी लय शिकल्यालं, म्हनून घसरली."

मी गावच्या शाळेत दहावी, पुढे आयटीआय. लय शिकलेला हा शिक्का आयुष्यात पहिल्यांदा बसला, तो असा.

१७ जानेवारी

गाव ठप्प. पालखीचा मार्ग ठरत नाही, ट्रान्सफॉर्मर हलवायचा की नाही ते ठरत नाही. गंगुबाईची शेळी हरवली आहे, ती पूर्वेला शोधायची की पश्चिमेला, हेही अडकलंय. शेळी तोवर कुठल्या तरी तिसऱ्याच दिशेला गेली असेल. कमिटीच्या ग्रुपवर देवदत्तांनी लिहिलंय, "तांत्रिक कारणास्तव कौल बंद आहे."

रात्री जेवताना उमा म्हणाली, "उर्वीच्या जाण्याचंही आईलाच विचारू. आई सांगेल तसं. तुम्ही आईच्या शब्दाबाहेर नाही ना जाणार?"

"कधी गेलोय?"

"तेच म्हणते मी."

उर्वीने मान खाली घालून आमटी ओरपली. ती देव मानते की नाही, हे मी कधी विचारलं नाही. वर्कशॉपचं ॲसिड मी कुठे ओततो, हे तिने मला कधी विचारलं नाही, त्याची परतफेड.

मला मात्र बरं वाटलं. उमालाही पोरगी लांब जायला नको असणार, पण तोंडाने नाही म्हणवत नाही, म्हणून आईवर टाकलं. शेवटी आईचं काळीज. आता आधी कौल लागला पाहिजे, आणि तो मीच बंद पाडून ठेवलाय.

२० जानेवारी

उर्वीला सगळं सांगितलं. कपाळावरचे खरखरीत डाग म्हटल्यावर तिने हातातली बरणी खाली ठेवली.

"तांबूस होते? मऊ? खालच्या पितळेपेक्षा वेगळे?"

"सडलेलं पितळ गं."

"बाबा, पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. चिंचेच्या आंबटाने आणि त्याच दोन जागी बसणाऱ्या ओल्या पाकळ्यांनी वर्षानुवर्षं जस्त खाल्लं आणि तांबं तेवढं जागेवर राहिलं. जस्त जिथून गेलं तिथे भोकं. इतकी बारीक की केसाच्या जाडीत हजार ओळीने बसतील. त्या भोकांत पाणी धरून राहतं, म्हणून पाकळी टिकायची. तो स्पंज होता. मी चार महिने जे करायला धडपडतेय, ते आईच्या कपाळावर आयतं तयार होतं."

"आणि मी ते…"

"बफिंगला धरलंत."

मी खाली बसलो. एक मन म्हणालं, इतकी वर्षं आम्ही भोकांना नमस्कार केला. दुसरं म्हणालं, त्या भोकांत पाणी कोणी धरून ठेवलं, ते विचार. संध्याकाळी दिवा लावताना दोन्ही मनांनी हात जोडले, एवढं नोंदवून ठेवतो.

उर्वीने उपाय सांगितला. चांदीला हात लावायचा नाही. स्पंजाच्या दोन पातळ टिकल्या करायच्या आणि कपाळावर चिकटवायच्या. तिची परीक्षाही होईल, आईचंही काम होईल.

३ फेब्रुवारी

दोन आठवडे फुकट गेले. कृती ऐकायला सोपी आहे. तांब्याच्या पत्र्यावर जस्ताचा जाड थर चढवायचा, हे माझं रोजचं काम. मग भट्टीत ठेवायचं, म्हणजे जस्त तांब्यात मुरतं. मग सौम्य ॲसिडमध्ये सोडायचं, म्हणजे मुरलेलं जस्त परत बाहेर येतं. उमा म्हणाली, "मग मुरवलंत कशाला?" भोकांसाठी, उर्वी म्हणाली.

पहिली खेप जळली. दुसरी ॲसिडमध्ये विरघळून तळाला चिखल झाला. तिसरी हातात घेतली तर शिळ्या भाकरीसारखी मोडली. उर्वी रडत नाही, ती अंक लिहिते. मी तिच्या शेजारी उभा राहून भट्टी सांभाळतो. एवढे दिवस आम्ही एकत्र कधीच काम केलं नव्हतं. आज तिने चुकून मला "सर" म्हटलं आणि दोघंही हसलो.

ही गेली की कोपऱ्यातलं टेबल मी परत नळांसाठी वापरीन. जागा मोकळी होईल. नुसता विचार आला.

९ फेब्रुवारी

जमलं! रंग मात्र चहाच्या चोथ्यासारखा. चांदीच्या देवीला हे लावायचं म्हटल्यावर देवदत्तांचा चेहराही तसाच होईल. उर्वीच्या मैत्रिणीने, दर्शनाने, कोल्हापूरहून मोठ्या सूक्ष्मदर्शकातले फोटो पाठवले. हुबेहूब कातळावरच्या जांभ्या दगडासारखं, भोकंच भोकं. आपली जमीनच तिकडे छोटी होऊन बसल्यासारखी वाटली. "बाबा, हे जर्मनीत दाखवलं तर वेडे होतील," उर्वी म्हणाली आणि फोन उलटा ठेवला. मी भट्टी बंद केली.

घरी येऊन तुकडा भिंतीला उभा करून पाकळी लावून पाहिली. आमचं जेवण होईपर्यंत टिकली, मग अलगद पडली.

उर्वी म्हणाली, "दोन्ही टिकल्या अगदी सारख्या झाल्या तर कोणती आधी पडेल हे मलाही सांगता यायचं नाही."

"म्हणजे फक्त आईला माहीत."

"हो बाबा, तसंच समजा."

"आणि सारख्या नाही झाल्या तर?"

"ॲसिडमध्ये कमी राहिलेली वरवरच खाल्ली जाईल. तिच्यात पाणी कमी मुरेल, पाकळी लवकर सुकेल आणि लवकर पडेल. म्हणून दोन्ही एकाच वेळी बाहेर काढायच्या."

हे मी सहज विचारलं होतं.

उमाने आज ढीगभर मेतकूट केलं. तिघांच्या घरात एवढं कोण खाणार? "पाहुण्यांना द्यायला होतं," म्हणाली. आमच्याकडे पाहुणे कोण येणार आहेत, कळत नाही.

१४ फेब्रुवारी

आज दोन्ही टिकल्या ॲसिडमध्ये सोडल्या. उर्वी बँकेत गेली होती. एक टिकली लवकर बाहेर निघाली.

निघाली म्हणजे मी काढली. चिमटा हातात होता आणि हात बरणीत होता, मग ती निघाली. हे लिहून पाहिलं तर वाक्यात मी कुठेच सापडत नाही. म्हणून पुन्हा लिहितो: मी काढली.

विचार असा की, जी लवकर सोडते ती आईच्या डावीकडे लावली तर आई नाही म्हणेल. मग पोरीला वाटणार नाही की बापाने अडवलं. देवीने अडवलं म्हणजे बरं असतं, देवीशी कोणी अबोला धरत नाही. आणि आईला खरंच तिला पाठवायचं असेल तर माझी एक टिकली तिला काय अडवणार? ती समर्थ आहे. मी फक्त थोडा कल दिला. कौलाला कल. असल्या कोट्या सुचतात तेव्हा माणसाने समजावं की आपलं काहीतरी चुकतंय.

तेवढ्यात उमा चहा घेऊन आली. तिची पावलं ऐकूच आली नाहीत. दोन बरण्या, एकीत टिकली, दुसरी फडक्यावर.

"ही आधी काढलीत?"

"फरक बघायला."

"बरं," म्हणाली. कपात साखर जास्त होती.

लवकर काढलेल्या टिकलीच्या मागे खिळ्याने बारीक रेघ मारून ठेवली, गोंधळ नको म्हणून.

१८ फेब्रुवारी

टिकल्या बसवल्या. उर्वी आली नाही, "तुम्हीच करा, श्रद्धेचं काम आहे," म्हणाली. कसंतरी झालं.

माझा डाव्या-उजव्याचा इतिहास लक्षात घेऊन मी आधीच पक्कं केलं होतं. मुखवटा टेबलावर उताणा ठेवायचा आणि आपण त्याच्या डोक्याच्या बाजूला बसायचं, म्हणजे आईचा डावा तो माझाही डावा. दोघांची तोंडं एकाच दिशेला. डाव्या बाजूला पेन्सिलीने खूण करणार होतो, पण आईच्या कपाळावर पेन्सिल चालवायचं धाडस झालं नाही. माणूस किती ठिकाणी भितो आणि किती ठिकाणी भीत नाही!

उमा मदतीला होती. मी चिकटवायचं एपॉक्सी कालवायला पाठ वळवली, तेवढ्यात ती म्हणाली, "इकडून उजेड नीट येत नाही हो," आणि मुखवटा जरा फिरवून ठेवला. मग खिडकीचा उजेड सरळ कपाळावर आला. बारीकसारीक गोष्टींची केवढी समज! मी रेघेची टिकली माझ्या डाव्या हाताला बसवली, दुसरी उजव्या हाताला. काम सुबक झालं. रंगाबद्दल देवदत्तांना "प्राचीन फिनिश" असं सांगितलं. खूश झाले.

२१ फेब्रुवारी

कौल.

देऊळ खच्चून भरलं होतं. रामाने पाकळ्या लावल्या, हात काढला. दोन्ही टिकल्या! गावाने एकदम श्वास सोडला. रामाने मला नुसती मान हलवून दाखवली, म्हणजे साबण माफ.

पहिला प्रश्न पालखीचा. थोड्या वेळाने पाकळी पडली. उजवी. आईची उजवी. मला वाटलं माझंच काही चुकतंय, जेवायचा हात कोणता ते पुन्हा आठवून पाहिलं. ट्रान्सफॉर्मर हलवायचा का? उजवी. शेळी पूर्वेला आहे का? उजवी. देवदत्तांनी आणखी पाच वर्षं अध्यक्ष राहायचं का? हा प्रश्न स्वतः देवदत्तांनी घातला. उजवी. लोक आनंदाने टाळ्या वाजवायला लागले. जी टिकली सोडणार नाही ती सोडत होती आणि जी सोडणार ती धरून बसली होती. ॲसिडचा, जस्ताचा, तांब्याचा, कशाचाच हिशोब लागेना.

मग उमा पुढे झाली. पदर सावरून म्हणाली, "आई, उर्वी शिकायला परदेशी जातेय. जाऊ दे का?"

मी डोळे मिटले. सगळं मी केलं होतं आणि आता मलाच काही माहीत नव्हतं. तेव्हा खरंच हात जोडले गेले. नको पाठवू, असं म्हणायचं होतं. तोंडात आलं ते, तुला योग्य वाटेल ते कर. असं का आलं, सांगता येत नाही. कदाचित भट्टीपाशी ती अंक लिहिताना दिसली, तेव्हापासून ते तिथेच होतं.

लोकांचा गलका झाला तेव्हा डोळे उघडले. उजवी पाकळी पायरीवर पडलेली. उर्वी माझ्याकडे बघत होती, उमाकडे नाही. मी मान हलवली. तिने नाक पुसलं.

रामा म्हणाला, "राजाभाव, आई आज लय खुशीत हाय."

मी म्हटलं, "हो बाबा."

माझ्या लबाडीवर तिने सगळ्या गावासमोर पाणी ओतलं आणि कोणाला कळूही दिलं नाही. आईच ती.

८ मार्च

आई आता नाही म्हणतच नाही. शेळी पश्चिमेला सापडली, पण तेवढ्यावरून कोणी मागे हटलेलं नाही. काल मधल्या वाडीतले दोन भाऊ आले. थोरल्याने विचारलं, बांध माझ्या बाजूने सरकवू का? होय. धाकट्याने विचारलं, बांध जागच्या जागी ठेवू का? होय. आज दोघं देवळाबाहेर एकमेकांच्या अंगावर धावले आणि दोघांच्याही पाठीशी आई.

रामा वर्कशॉपमध्ये आला. "राजाभाव, आईला जरा नाय म्हनायला शिकवा. एवड्या होयानं गाव बुडंल."

१९ एप्रिल

उर्वी आज निघाली. स्टेशनवर तिची बॅग उचलली तर उचलेना. अर्ध्या बॅगेत मेतकूट, उरलेल्या अर्ध्यात आमसुलं. फेब्रुवारीतलंच मेतकूट. पाहुणे पाहुणे म्हणायची ती हेच असावेत. देवाने काही माणसांना पुढचं आधीच दाखवलेलं असतं.

गाडी यायच्या आधी उर्वी म्हणाली, "बाबा, शिमग्याच्या गडबडीत राहून गेलं. आईला नवीन टिकल्या कराल ना, तेव्हा दोन्ही एकाच वेळी बाहेर काढा."

मी म्हटलं, "हो."

तिने वर पाहिलं नाही. मीही नाही. मग तिने वाकून नमस्कार केला आणि उठताना माझा खांदा धरला तो गाडी हलेपर्यंत सोडला नाही.

२ मे

नवीन टिकल्या झाल्या. एकाच बरणीत सोडल्या, एकाच चिमट्याने एकदम उचलल्या. उर्वीला व्हिडिओवर दाखवल्या. तिने तिकडून अंक विचारले, मी सांगितले. "बरोबर, सर," म्हणाली.

आज जुन्या टिकल्या काढायला मुखवटा घरी आणला होता. आधी आईच्या डावीकडची सोडवली. मागची बाजू कोरी. मग उजवीकडची. तिच्या मागे माझी रेघ.

दोनदा उलटून पाहिली. मी डावीकडे लावलेली टिकली उजवीकडे निघाली. माझ्या हाताने बसवलेली, एपॉक्सीने घट्ट झालेली, कोणी हलवू शकणार नाही अशी. स्वयंपाकघरात जाऊन उमाला सगळं सांगितलं, लवकर काढण्यापासून ते रेघेपर्यंत, काही न लपवता. म्हटलं, आईने टिकलीची बाजू बदलली गं. रात्रीत केव्हातरी.

उमाला जोराचा ठसका लागला. मेतकूट-भात घशात गेला असणार. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत खोकली. मी पाठीवरून हात फिरवला, पाणी दिलं. श्वास जागेवर आला तशी म्हणाली,

"तिच्यावर उजेड नीट पडला होता ना त्या दिवशी. म्हणून असेल."

किती खरं बोलते उमा.